जवसाच्या तेलासारखं पातळ: ०डब्ल्यू-२० इंजिन तेलावर दोन उन्हाळे

"शेठ, हे तेल हाय का पानी हाय?" मिस्त्रीनं डबा कानाशी नेऊन हलवला. आत डुबुक डुबुक आवाज आला. "आपल्या उनायात हे इंजिन खाऊन टाकीन. बर्फाच्या मुलकातलं तेल हाय हे. कायले नसता खर्च करता?"

मी दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र चालवतो. दिवसभर माझं काम एकच, लोकांना लेबल वाचून दाखवणं. पंपाला किती मिली, कपाशीवर कोणतं, तुरीवर कोणतं, बॅच नंबर कुठं असतो. आणि शेतकऱ्याचा ठरलेला प्रश्न: "भाऊ, याच्यापेक्षा दाट नाई का? हे पातळ दिसते." दाट म्हणजे जोरदार, वास मारला म्हणजे असरदार, ही समजूत काढता काढता माझी वीस वर्षं गेली. आणि एवढं सगळं करणारा मी, स्वतःच्या गाडीत ड्रममधलं लूज तेल टाकून बसलो होतो. म्हणून हा रिव्ह्यू.

गाडी लहानशीच आहे. पेट्रोल, हजार सीसी, तीन सिलिंडर, बीएस-६. शकुंतला, म्हणजे आमची छोटी रेल्वे, बंद पडली तेव्हापासून यवतमाळचं येणं-जाणं एसटीनं नाहीतर स्वतःच्या गाडीनं. माल आणायला आठवड्यातून दोन फेऱ्या, शिवाय बांधावर जाऊन पीक पाहायचं तर पांदण रस्ते. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. फ्री सर्व्हिस संपल्यावर शोरूम सोडलं आणि गावातल्याच मिस्त्रीकडं गाडी लावायला लागलो. माणूस हाताचा चांगला आहे, हे आधीच सांगतो. क्लच प्लेट त्यानं बसवली ती आजही मऊ चालते.

तर ६१ हजार किलोमीटरला, दिवाळीच्या सुमारास, त्यानं गाडीत २०डब्ल्यू-५० टाकलं. "दाट टाकलं शेठ, आता दोन वर्ष इंजिनाकडं पायची गरज नाई." मीही मान हलवली. गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात होती. तिच्यात ०डब्ल्यू-२० असं छापलेलं होतं. मी ती उघडली नाही.

डिसेंबरात कळलं. पहाटे साडेपाचला यवतमाळला निघायचं होतं, तुरीवर धुई उतरलेली, अंगणातल्या काचेवर दव. सेल मारला तर इंजिन जड फिरलं, आणि लागल्यावर वरच्या बाजूनं टिक-टिक-टिक असा आवाज. कोणी जात्यात खडा टाकावा तसा. तेलाचा लाल दिवा एरवी लगेच विझतो, त्या दिवशी तो तीन-चार सेकंद रेंगाळला. मग दिवाही गेला, आवाजही गेला. दुसऱ्या दिवशी तेच. दुपारी मात्र काही नाही. दुपारी मिस्त्रीला दाखवायला नेलं की गाडी शहाण्यासारखी चालायची, आणि मीच येडा ठरायचो.

त्या आठवड्यात पुस्तिका काढून बसलो.

आपल्याकडं सगळा गोंधळ त्या शून्यावर होतो. ०डब्ल्यू-२० मधलं शून्य पाहून लोकांना वाटतं, हे काश्मीरवाल्यांचं तेल. डब्ल्यू म्हणजे विंटर, हे खरं. शून्य ग्रेडचं तेल उणे ३५ अंशाला इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहायला हवं, २०डब्ल्यूचं उणे १५ ला. आमच्याकडं उणे काही नसतं. नागपूरला डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर आला होता, तर त्याची चर्चा अजून चालते. म्हणजे त्या शून्याचा कागदावरचा गुण आपल्या कामाचा नाही, मिस्त्री तिथपर्यंत बरोबर. पण शून्यामुळं तेल उन्हाळ्यात पातळ होतं, हे चूक. गरम इंजिनातली दाटी ठरते ती मागच्या आकड्यावर. ०डब्ल्यू-४० सुद्धा मिळतं, आणि ते गरम झाल्यावर ४० ग्रेडच्या कोणत्याही तेलाइतकंच दाट असतं.

आता राहिला मागचा २०. त्याचा हिशेब १०० अंश सेल्सियसला मोजलेला असतो. २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (हे दाटीचं माप), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, आणि माझ्या गाडीत होतं ते ५० म्हणजे १६.३ ते २१.९. कंपनीनं ज्या फटी, जे बेअरिंग, जो तेलपंप आठ-नऊच्या हिशेबानं केला, त्यात मी दुपटीहून दाट तेल कोंबलं होतं. फवाऱ्याच्या बारीक नोझलमधून गूळपाणी मारायला घ्या, पंपावर दाब येतो पण बाहेर पडत काही नाही, तसंच. दाट तेलानं दाब वाढतो, पण दाब वाढला म्हणजे तेल पोचलं असं नाही. जास्तीचा दाब पंपाजवळचा वॉल्व्ह उघडून तेल परत इंजिनाच्या तळच्या चेंबरात सोडून देतो. पहाटे वर तेल वेळेत पोचत नव्हतं, माझी टिक-टिक त्याची होती.

आणि उन्हाळा? मे २०१३ मध्ये नागपूरनं ४७.९ पाहिलं आहे, आमच्याकडंही ४५-४६ काही नवं नाही. पण इंजिनाला त्याचं वाटतं तितकं नसतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा पाण्याचं तापमान धरून ठेवतात, आणि चालत्या गाडीत तेल नव्वद-शंभरच्या आसपास असतं, जानेवारी असो की मे. बाहेरचं ऊन तुमच्या डोक्याला लागतं, क्रँकच्या बेअरिंगला नाही. रेडिएटर चोंदला, पंखा बंद पडला, कूलंट कमी झालं, तर गोष्ट वेगळी. मग ५० ग्रेडही वाचवत नाही.

हे सगळं वाचून पटलं, पण मन मानेना. वीस वर्षं कीटकनाशकं विकली, वाचलेल्यावर एकदम विश्वास ठेवायची सवय नाही. मग दुकानातल्या सॅम्पलच्या दोन काचेच्या बाटल्या धुऊन वाळवल्या. एकीत मिस्त्रीकडून मागून आणलेलं २०डब्ल्यू-५०, दुसरीत नवीन आणलेलं ०डब्ल्यू-२०. दोन्ही अर्ध्या भरल्या आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीमागं ठेवल्या. बायको म्हणाली, "आता हेच राह्यलं होतं." सकाळी काढून आडव्या केल्या. पातळ तेल जवसाच्या तेलासारखं सरकन बुचाशी आलं. दाट तेल एरंडेलासारखं विचार करत करत निघालं. मी मनात सात मोजले तेव्हा कुठं ते काठाला लागलं. हेच तेल पहाटे चेंबरातून वर, वॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटपर्यंत चढायचं होतं.

मग गंजात पाणी उकळलं, बुचं ढिली केली, दोन्ही बाटल्या दहा मिनिटं त्यात उभ्या केल्या. फडक्यानं धरून पुन्हा आडव्या केल्या. आता पाहणाऱ्याला फरक सांगता येईना. दोन्ही पाण्यासारखी. म्हणजे मिस्त्री ज्याला दाट म्हणून भरवसा ठेवत होता, ते तेलसुद्धा चालत्या इंजिनात डोळ्याला पाणीच दिसतं. डोळ्यानं तेल पारखणं म्हणजे हातात घेऊन बियाण्याची उगवण सांगणं. मी दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्या गॅरेजवर नेल्या. तो थोडा वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "बाटलीत ठीक हाय शेठ, पन इंजिनाची गोष्ट अलग रायते." त्यातही तथ्य आहे. बाटलीत भार नसतो. म्हणून तर १५० अंशाला, जोराच्या घासणीत तेलाचा थर किती टिकतो याची वेगळी मोजणी असते आणि २० ग्रेडला तिथं किमान २.६ मिळवावे लागतात, ३० ला २.९. फरक आहे. इंजिन त्या २.६ वर चालेल असं बनवलेलं असलं तरच हे तेल टाकायचं.

आता अनुभव. ६३ हजाराला दाट तेल काढलं, फिल्टर बदलला, ०डब्ल्यू-२० फुल सिंथेटिक टाकलं. पहिल्यांदा मोबिल १, नंतरच्या दोन खेपा शेल हेलिक्स अल्ट्रा. दोघांत मला चालवताना काही फरक कळला नाही, आणि कळला असं म्हणणाऱ्याच्या कानाचं मला कौतुक वाटतं. डब्यावर एपीआय एसपी हा तेलाचा दर्जा पाहून घेतला. हा वर्ग २०२० मध्ये आला, त्यात टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे, आणि माझ्या इंजिनाला चेनच आहे.

पहिल्याच पहाटे टिक-टिक बंद. लाल दिवा सेल मारला की गेला. तीन सिलिंडरची ती जागेवरची थरथर आहे तशीच आहे, ती तेलानं जात नाही, कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मायलेजचं सांगतो, पण मिठाची चिमूट घेऊन वाचा. टाकी फुल ते टाकी फुल, वहीत लिहून. दाट तेलावर तीन टाक्यांची सरासरी १८.३, पातळ तेलावर पहिल्या चार टाक्यांची १८.९. तोच रस्ता, तोच मी. पण मधे हिवाळा संपला, टायरमध्ये हवा भरली, आणि पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळं सरासरी त्याच्याच बाजूनं खाली ओढली जाते. अर्ध्या किलोमीटरसाठी कोणी हे तेल घेऊ नये. डब्याचे जास्तीचे पैसे त्यातून वसूल होत नाहीत.

उन्हाळ्याची परीक्षा खरी मे महिन्यात झाली. पोरांची परीक्षा संपली, शिर्डीला जायचं ठरलं. कारंज्याहून समृद्धीवर चढलो, पाच माणसं, डिकीत बॅगा आणि हिनं बांधून घेतलेलं एवढं खाणं की टायर बसलं होतं. एसी सतत चालू. बाहेर ४३-४४. समृद्धीवर लहान गाडीनं शंभरच्या वर जाऊ नये हे माझं मत, तेलापायी नाही, त्या काँक्रीटवर तापणाऱ्या टायरांपायी. सिंदखेडराजाच्या पुढं थांबलो तेव्हा गाडी बंद न करता दिवा पाहत बसलो. गरम तेल, कमी फेरे, याच वेळी दाब सगळ्यात कमी असतो. दिवा मिणमिणायचा तर इथंच. काही नाही. तापमानाचा काटा मधोमध. जाऊन-येऊन आल्यावर तेल मोजायची काडी पाहिली तर दोन खुणांमधला जेमतेम पाचवा हिस्सा तेल उतरलं होतं.

हे मात्र या तेलाचं दुखणं आहे, लपवत नाही. दाट तेलावर काडी जागची हलत नव्हती. आता दर पाच हजाराला पाव खूण जाते. त्यातलं थोडं टॅपेट कव्हरच्या जुन्या पॅकिंगमधून झिरपत होतं. पॅकिंग आधीच कडक झालं होतं, दाट तेल तिथं अडून बसायचं, हे निघालं. मिस्त्री खुश: "पाहा, म्हटलं होतं ना." पॅकिंग बदललं, झिरपणं थांबलं. तरी काडी पाहायची सवय लावून घ्यावी लागली. आमच्याकडं आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान उघडायच्या आधी, गाडी सपाट जागी, इंजिन थंड, काडी पुसून पुन्हा घालून. तो लाल दिवा तेल कमी झाल्याचं सांगत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तो पेटेपर्यंत वाट पाहणं म्हणजे कपाशी लाल पडल्यावर कीड आली का पाहायला जाणं.

आणि दहा हजार किलोमीटरची बदली आपल्या रस्त्यांना धरू नका. पुस्तिकेतच धुळीच्या रस्त्यासाठी, जवळच्या जवळच्या फेऱ्यांसाठी लवकर बदलायला सांगितलेलं असतं. मी सहा हजारला काढतो. एअर फिल्टर तर त्याच्याही आधी. कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या फिल्टरमधून धूळ आणि सरकीचा बारीक कचरा चहाचा कपभर निघतो. महाग तेल टाकून फिल्टर तसाच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. गोठ्याला कुलूप लावून कुंपण उघडं ठेवतात तेच हे.

आता तक्रार, आणि ती तेलाची नाही. तालुक्याच्या गावात हे तेल मिळत नाही. ५डब्ल्यू-३० एखादा ठेवतो, ०डब्ल्यू-२० विचारलं की "आनून देऊ" म्हणतात आणि आणतात तिसरंच. दुसऱ्या खेपेला मी जिल्ह्याच्या गावातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून डबा घेतला, पक्क्या बिलापेक्षा तीनशे रुपये कमी म्हणून. घरी येऊन पाहिलं तर बुचाखालचं कडं आधीच तुटलेलं, बॅच नंबर बोटानं पुसला जातोय, आणि लेबलचा एक कोपरा पुन्हा चिकटवलेला. बोगस बियाण्याची पाकिटं मी अंधारातही ओळखतो, आणि इथं तीनशे रुपयांत फसलो. डबा परत नेला. अर्धा तास वाद, मग पैसे मिळाले. दुकानाचं नाव सांगून काय करू, असे डबे फिरत फिरत येतात, उद्या दुसरीकडं दिसतील. तेव्हापासून कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून, जीएसटी बिलानं. आणि डबा रिकामा झाला की विळ्यानं दोन छेद देतो. औषधांच्या बाटल्या तीनदा खळबळून भोकं पाडून टाका असं रोज सांगतो, तोच नियम. आपला रिकामा डबा म्हणजे उद्याच्या नकली तेलाचं भांडं.

किंमत ड्रमच्या तेलाच्या अडीच पट पडते. साडेतीन लिटरचा डबा घेतला तर थोडं उरतं, ते वरून भरायला कामी येतं. दुकानातल्या पोराचा त्यावर डोळा होता: "भाऊ, माह्या गाडीत टाकू का? सिंथेटिक हाय." त्याची मोटरसायकल. नाही म्हणून सांगितलं. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या असल्या पातळ तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, क्लच घसरायला लागतो. तिला जासो एमए लिहिलेलं तेलच पाहिजे. तो रुसला, म्हणून उरल्यासुरल्यातलं घरच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लावायला दिलं. फाटक अजून करकरत नाही.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. शेजारच्या काकांची जुनी ओम्नी आहे, तिला हे नको. तिच्या काळच्या इंजिनाच्या फटी वेगळ्या, तिला तिच्या पुस्तिकेतलं तेल. डिझेल गाड्या तर या चर्चेतच नाहीत. रोज समृद्धीवर शंभर-सव्वाशेनं पळणाऱ्या, किंवा दीड लाख फिरून तेल प्यायला लागलेल्या गाडीला, पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तर मी ५डब्ल्यू-३० टाकीन. नवीन काही गाड्यांच्या पुस्तिकेत आता ०डब्ल्यू-१६ येतं, याच्याहून पातळ. ते पाहून मिस्त्रीचं काय होईल, देव जाणे.

पाचपैकी चार. एक कापला तो मिळत नाही म्हणून आणि काडी पाहायला लावतं म्हणून.

गाडी आता ७९ हजारावर आहे, पुढची बदली ८१ ला. मागच्या वेळी बॉनेट उघडलं तर तेलाच्या बुचाजवळ पांढऱ्या मार्करनं लिहिलेलं दिसलं, ०डब्ल्यू-२०, आणि खाली किलोमीटर. मी लिहिलं नव्हतं. परवा मिस्त्रीचा फोन आला, एका मास्तरांची नवी गाडी आली होती गॅरेजवर. "शेठ, ते तुमचं जवसाचं तेल कुठं भेटते? दोन डबे आना येतानी. अन् बिल पक्कं घ्या."